बरड जमिनीला भाव आला

वर्ध्याला चालले आहे म्हटल्यावर साताऱ्यात सगळ्यांनी गृहीत धरलं की मी आश्रम बघायला निघाले. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. आश्रमात मी अर्धा दिवस गेलेही होते. तिथली झाडं फार सुंदर आहेत. त्याविषयी पुष्कळांनी लिहिलेलं आहे, म्हणून एवढंच सांगून पुढे जाते.

खरं म्हणजे मी शोभाकडे चालले होते. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही दोघी पुण्यात एका खोलीत राहायचो. मी टपाल खात्यात नवीन लागले होते आणि ती बी.एड. करत होती. नंतर ती आपल्या वर्धा जिल्ह्यात परत गेली, तिथल्या सुधाकररावांशी तिचं लग्न झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता ती मुख्याध्यापिका झाली आणि निवृत्तही झाली. दर दिवाळीला ती फोनवर "ये" म्हणायची आणि मी "येते" म्हणायचे. या जानेवारीत गेले.

नालवाडी

शोभाचं घर नालवाडीत, शहराच्या कडेला. पूर्वी शेतं होती तिथे आता लेआउट पडले आहेत. लेआउट म्हणजे प्लॉट पाडलेली जमीन. हा शब्द तिथे रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. एका बाजूला नवे दुमजली बंगले, त्यांच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या खोल्या, आणि मधल्या रिकाम्या प्लॉटवर तुरीचं पीक उभं. हवा कोरडी आणि थंड होती. साताऱ्याच्या थंडीत ओल असते, तशी ही नव्हती. गच्चीवर घातलेले कपडे चहा होईपर्यंत वाळायचे.

पहिल्याच सकाळी शोभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाजीवाली आली आहे, जरा सांबार घे गं."

मी पातेलं घेऊन फाटकाशी गेले. भाजीवालीने आधी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या पातेल्यात टाकल्या. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शोभा हसत बसली आणि सुधाकररावांनी माझी समजूत काढली. त्यानंतर पोहे आले, त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू घालतात, असं मी म्हटलं. सुधाकरराव म्हणाले, "ते आजारी माणसाचे पोहे झाले."

सुधाकरराव कृषी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. उंच, नीटनेटके, शब्द तोलून बोलणारे. फक्त धाकट्या भावाचा विषय निघाला की त्यांचा तोल जरासा जायचा. विषय निघण्याचं कारणही होतं. या भावाने, देवानंदने, महामार्गावरच्या चौकात लग्नाचं लॉन बांधलं होतं, त्याचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं आणि आम्हा तिघांना जायचं होतं.

"वडील गेल्यावर वाटणी झाली," सुधाकरराव सांगू लागले. "समुद्रपूर तालुक्यात गाव आहे आमचं. मी मोठा, म्हणून मी काळी जमीन घेतली, नाल्याकाठची. त्याच्याकडे रस्त्याकडची बरड आली. बरड म्हणजे नुसता मुरूम आणि गोटे. बकऱ्या चारायच्या लायकीची. मला वाईटसुद्धा वाटलं होतं त्याचं."

"मग?"

"मग रस्ता चौपदरी झाला. बाजूला गोदामं आली, कारखान्यांचे शेड आले. बरडाला असा भाव आला की विचारू नका. थोडी त्याने विकली, थोडी ठेवली. आता ढाबा आहे, टायरवाल्याला दिलेले गाळे आहेत, आता हे लॉन. दहावी नापास आहे तो. मी एम.एस्सी. ॲग्री. माझ्या काळ्या जमिनीत कापूस होतो, तूर होते, आणि बटईनं करणाऱ्याला अर्धं देऊन माझ्या हातात काय येतं ते शोभाला विचारा."

"त्यांनी काही गैर केलं का पण?" मी विचारलं.

"नाही ना. तेच तर." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "कोणीच काही गैर केलं नाही."

हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं. साताऱ्यातही मी हे पाहिलेलं आहे. एकाच्या बांधाशेजारून रस्ता जातो आणि दुसऱ्याच्या बांधाशेजारून जात नाही. दोघांनी सारखेच कष्ट केलेले असतात, किंवा सारखेच केलेले नसतात. मग एकाच्या दारात मोठी गाडी येते आणि तो शहाणा होता असं लोक म्हणायला लागतात.

महामार्गावरचा चौक

चौकाचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. माणसं अजून तिथेच आहेत.

चौक म्हणजे उड्डाणपुलाखालची मोकळी जागा. हैदराबादकडे जाणारे लांबच लांब ट्रक, नागपूरच्या गाड्या, समुद्रपूरकडे वळणाऱ्या एसट्या, आणि मागे बायका दाटीवाटीने बसलेले छोटे टेम्पो. या बायका कापूस वेचायला जात होत्या, डोक्याला घट्ट फडकी बांधलेल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन ढाबे. एक देवानंदचा, दुसरा हिंगणघाटच्या एका व्यापारी कुटुंबाचा.

देवानंदच्या ढाब्यामागे नवं लॉन. कमानीवर फायबरचे हत्ती, आत प्लॅस्टिकचं हिरवंगार गवत, मधोमध एक कारंजं आणि वर घिरट्या घालणारा ड्रोन. देवानंद स्वतः फाटकात उभा होता. जाडजूड, हसरा माणूस. पांढऱ्या सदऱ्यावर निळं जाकीट. सगळ्यांना "जय भीम" करत होता आणि म्हाताऱ्या माणसांना स्वतः हात धरून खुर्चीपर्यंत नेत होता. मला तो आवडला, हे सांगायला हवं. सुधाकररावांच्या बोलण्यावरून मी वेगळा माणूस डोळ्यांपुढे आणला होता.

बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, जेवण झालं. जेवणात पनीरचे तीन प्रकार होते आणि तिन्हींत सारखंच तेल. प्रवासाने माझं पोट आधीच बिघडलं होतं. शोभा म्हणाली, "ढाब्यावर जा मागच्या दाराने. कौसल्या असेल. तिच्याकडे साधी भाकर मिळेल."

"कौसल्या कोण?"

"यांची बहीण. मधली. देवानंदपेक्षा मोठी."

घरचं एवढं मोठं कार्य आणि बहीण मांडवात नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. मागच्या दाराने गेले तर शेडमध्ये तीन चुली पेटलेल्या आणि एक उंच, सडपातळ बाई एका चुलीवर भाकरी थापून टाकते आहे, दुसरीवरची उलटते आहे, तिसरीवरची काढते आहे. पन्नाशी उलटलेली असावी. चेहऱ्याची ठेवण सुधाकररावांचीच.

मी कोण ते सांगितलं. तिने हाताने पाट दाखवला. "बसा ताई. पोट बिघडलं का? चून देते पातळ, आन् ज्वारीची भाकर. पनीर खाल्लं असन तुमी."

चून म्हणजे आमचं पिठलं. पण यात लसूण जास्त आणि वरून कच्चं तेल. मी पोटाची तक्रार विसरून दोन वेळा घेतलं. जेवता जेवता बोलणं निघालं. कौसल्याबाईंचं सासर गिरडजवळचं. नवरा गवंडी होता, परांचीवरून पडला, तेव्हापासून कंबरेने जायबंदी होऊन घरी बसून आहे. मुलगी लग्न होऊन चंद्रपूरकडे गेली. ढाबा सुरू झाला तेव्हापासून स्वयंपाक कौसल्याबाईंचाच. ट्रकवाले त्यांच्या हातच्या भाकरीसाठी थांबतात, हे बाहेरच्या वेटरने मला आपणहून सांगितलं.

"आज तरी मांडवात यायचं होतं तुम्ही," मी म्हटलं.

"गाड्या थांबून राह्यल्या नं ताई. चुली कोण पाहीन?"

आणि मग मी तो प्रश्न विचारला. कौतुकाने विचारला, मनात दुसरं काही नव्हतं. "म्हणजे भावाबरोबर तुमचाही हिस्सा असेल ना यात?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. उत्तर मागून आलं. देवानंद पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या काढायला शेडमध्ये आला होता. तो मोठ्याने हसला.

"हिस्सा कायचा ताई? आख्खा ढाबाच बाईचा आहे." मोठ्या बहिणीला तिकडे बाई म्हणतात.

कौसल्याबाईंनी वर न बघता विचारलं, "असं का? मंग मले पगार काऊन देतं?"

देवानंद पुन्हा हसला, पण या वेळी जरा उशिरा. बाटल्या घेऊन तो निघून गेला. मला कुठे बघावं ते कळेना. मी ताट उचलायला लागले तर कौसल्याबाई म्हणाल्या, "बसा. तुमचं काई चुकलं नाई. इतक्या सालात कोनं विचारलंच नोतं."

त्यांनी समोरच्या ढाब्याकडे मान वळवली. "तो शेठ दिवाळीपासून बोलवून राह्यला मले. पगार जास्त देतो म्हनते. मी म्हटलं, भावाचं आहे, कसं सोडू."

परतीच्या वाटेवर मी शोभाला विचारलं, वाटणीत बहिणीला काय मिळालं होतं? शोभा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हक्कसोड करून दिली तिने. सगळ्याच करतात. साडी आणि तांब्याची घागर दिली होती, चांगली मोठी." गाडी चालवणाऱ्या सुधाकररावांनी पुढच्या ट्रकला उगाच हॉर्न दिला.

गिरड

गिरडचा दर्गा बघायचं मी आधीपासून ठरवलं होतं. उद्घाटनानंतर दोन-तीन दिवसांनी शोभा आणि मी एसटीने समुद्रपूरला गेलो. तिथल्या स्टँडवर ठरल्याप्रमाणे कौसल्याबाई शिधा घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी ढाब्यावरून सुट्टी घेतली होती. निदान आम्हाला तसं वाटलं.

गिरडची टेकडी फार उंच नाही. वरच्या फरीदबाबांच्या दर्ग्यात हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळेच जातात. पायऱ्यांवर चिरमुरे आणि रेवड्या विकणारे, हिरव्या चादरी, उदाचा वास. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. त्यांची गोष्ट कौसल्याबाईंनी सांगितली. एक व्यापारी बैलांवर माल लादून चालला होता. पोत्यांत काय आहे असं फरीदबाबांनी विचारलं, तर काही द्यावं लागेल म्हणून तो म्हणाला, दगड आहेत. उघडून बघतो तर दगडच. शोभाने विज्ञानाच्या शिक्षिकेसारखं सांगितलं की लाव्हारसात असे खनिजाचे गोळे तयार होतात. कौसल्याबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातला एक गोळा मला दिला. "दोनी बी खरं असन," त्या म्हणाल्या.

खाली झाडांच्या सावलीत कुटुंबंच्या कुटुंबं येऊन स्वयंपाक करतात. आम्हीही गोवऱ्या पेटवल्या. रोडगे केले, म्हणजे कणकेचे जाड गोळे निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे आणि वर तूप. सोबत वांग्याची भाजी. कौसल्याबाई कणीक मळत होत्या, शोभा वांगी चिरत होती आणि मी धुराने डोळे पुसत होते.

"वहिनी, मी देवाचा ढाबा सोडला," कौसल्याबाई म्हणाल्या. देवा म्हणजे देवानंद.

शोभाची सुरी थांबली. "कधी?"

"काल. सकाळी गेली त्याच्याकडं. म्हटलं, पगार नको मले, हिस्सा दे. जमिनीत नको देऊ, ढाब्यात दे. तो म्हने, बाई तू घरचीच आहे, हिस्सा कायले पाह्यजे? म्हटलं, घरची आहे तं हिस्सा देशील का परक्याले देशील? मंग म्हने, तू सही करून देल्ली नं. म्हटलं, हाव, देल्ली. मंग मी चूल विझवली. उद्यापासून समोर जाऊन राह्यली."

"चांगलं केलंस," शोभा एकदम म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "बरोबर केलंस तू. एवढा पैसा आला त्याला, बहिणीला नोकरासारखं ठेवलं. समजू दे जरा. कोट्यधीश झाला म्हणून काय झालं?"

कौसल्याबाईंनी कणकेचा गोळा हातावर फिरवून गोल केला, निखाऱ्यात ठेवला आणि काठीने वर राख ओढली.

"वहिनी, दादाचं बी तसंच आहे ना," त्या म्हणाल्या. "सही मी दोघाइले देल्ली."

रागाने नाही बोलल्या. गोवऱ्या कमी पडतील, असं सांगावं तसं बोलल्या. शोभाने पुन्हा वांगी चिरायला घेतली. एकेका फोडीचे तिने इतके बारीक तुकडे केले की भाजीत पुढे वांगं दिसलंच नाही. रोडगे उत्तम झाले होते.  परतताना शोभा आणि मी एसटीत शेजारी बसलो होतो आणि वर्धा येईपर्यंत तिने एकदाच तोंड उघडलं. खिडकी लावून घे म्हणाली.

पुन्हा नालवाडी

दुसऱ्याच्या घरी पाहुणं असताना घरातलं भांडण ऐकावं लागणं हा प्रवासातला सर्वांत अवघड प्रसंग. शोभाने सगळं सुधाकररावांना सांगितलं ते बहुधा त्यांनी देवानंदला रागवावं म्हणून. ते मात्र म्हणाले, "खरं आहे तिचं. काळ्या जमिनीतली दोन एकर तिला देऊन टाकू."

मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले, पण घर काही एवढं मोठं नव्हतं.

"देऊन टाकू?" शोभा म्हणाली. "पगारावर घर मी बांधलं, पोरगा मी शिकवला. जमीन तेवढी तुमची म्हणून आली आपल्या घरात. पोराला काय सांगणार? आणि ज्याच्याकडे आहे तो देत नाही, आपण कशाला?"

"ज्याच्याकडे जास्त आहे तो देत नाही," सुधाकरराव म्हणाले. "आपल्याकडेही आहेच."

मी चपला घालून बाहेर पडले आणि लेआउटच्या रस्त्यांनी भटकत राहिले. एका बंगल्याची लादी बसत होती. बाहेर वाळूच्या ढिगावर मजुरांच्या बायका जेवायला बसल्या होत्या. त्यातल्या एकीने मला जेवायला बोलावलं. अनोळखी माणसाला असं सहज बोलावणं मी तिकडे बऱ्याच ठिकाणी पाहिलं. आमच्याकडे आता कमी झालं आहे. मी त्यांच्याकडून मिरचीचा ठेचा चाखला आणि घरी आले.

शोभा गच्चीवर कपडे काढत होती. मी मदतीला गेले. घडी घालताना ती म्हणाली, "तुला आम्ही फार हावरट वाटत असू."

"नाही."

"मी पण सही केली आहे, माहेरी. पुलगावला. भावांनी कागद पुढे केला, मी केली. मी कुठे मागायला गेले?"

"मीही केली आहे," मी म्हटलं. "भावाने पैठणी दिली. चांगली आहे, अजून नेसते."

"मग? तुला वाटतं का मागावं?"

 मी म्हटलं, "मला पेन्शन आहे शोभा. तुलाही आहे. म्हणून आपल्याला मोठेपणाने राहता आलं. तिला नाही."

शोभाने चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली. आम्ही ती ताणली, जुळवली. ती म्हणाली, "त्याला दिसत नाही का गं, देवानंदला? रोज डोळ्यांसमोर भाकरी थापत होती."

"दिसत असेल. पण पगार दिला की फिटलं असं वाटत असेल."

 पुढचे दोन दिवस जेवणाच्या टेबलावर नवराबायकोत मीठ मागितलं तरी माझ्यामार्फत मागितलं जायचं. मग एके सकाळी पोह्यांवर तर्री वाढता वाढता शोभा सुधाकररावांना म्हणाली, "नाल्याकडची बाजू द्या. द्यायचीच तर ओलाव्याची द्या. नाहीतर पुन्हा बरड दिल्यासारखं होईल."

पुन्हा चौकात

गाडी पुलाखाली आली तेव्हा सुधाकररावांनी ती जरा थांबवली. डावीकडे देवानंदचा ढाबा, उजवीकडे समोरचा. त्यांनी गाडी उजवीकडे वळवली.

समोरच्या ढाब्याचे शेठ मऊ बोलणारे, कपाळाला गंध लावलेले गृहस्थ. कौसल्याबाईंना त्यांनी गॅसच्या शेगड्या दिल्या होत्या, हाताखाली दोन बायका दिल्या होत्या आणि डोक्याला घालायला कागदी टोपी. शेगडीच्या वर भिंतीवर कॅमेरा.

"बरं आहे," कौसल्याबाई म्हणाल्या. "बसू नाई देत. बसलं का शेठ मोबाईलात पाहून फोन करते. पन पगार टायमावर आहे. आन् इथं मी घरची नाई, थे बी बरं आहे."

सुधाकररावांनी उभ्या उभ्याच सांगितलं. दोन एकर, नाल्याकडची, तिच्या नावावर. कौसल्याबाईंनी आधी शोभाकडे बघितलं. शोभाने मान हलवली. कौसल्याबाई पदराने हात पुसत राहिल्या, हात कोरडे झाले तरी पुसत राहिल्या.

तेवढ्यात देवानंद रस्ता ओलांडून आला. आमची गाडी त्याने तिकडून पाहिली असणार. त्याचा चेहरा उतरला होता. त्याच्या ढाब्यावर नागपूरहून आणलेला आचारी होता आणि बाहेर दोनच ट्रक उभे होते.

"दादा, तू बी इकडंच आला," तो म्हणाला.  मग तो कौसल्याबाईंना म्हणाला, "बाई, हा शेठ देते त्याच्यावर मी देतो. चाल घरी."

"ढाबा म्हन नं," कौसल्याबाई म्हणाल्या. "घर नको म्हनू."

सुधाकररावांनी त्याला दोन एकरांची गोष्ट सांगितली. देवानंद हसला, आणि या वेळी त्याचं हसणं मला आवडलं नाही.

"दे ना. तुले काय जाते दादा? त्या वावराले भाव किती आहे? माह्या रस्त्याच्या तुकड्यात तुही सारी जमीन येईन. तुले सोपं आहे मोठं होनं. मी देतो म्हटलं तं मले किती द्या लागन, इचार केला का?"

हे खोटं नव्हतं. सुधाकररावांचा चेहरा लाल झाला. मलाही वाटलं, बरोबर बोलतो आहे हा. ज्याच्या वस्तूला बाजारात किंमत कमी त्याला द्यायला सोपं जातं. ज्याच्याकडे खूप आहे त्याच्या हातून थोडंही सुटत नाही, कारण त्याचं थोडंच फार मोठं असतं.

कौसल्याबाईंनी तव्यावरची भाकरी काढली. "देवा, भाव कायले सांगतं?" त्या म्हणाल्या. "मले विकायची नाई. पेरायची आहे."

देवानंद उभाच राहिला. शेठच्या वेटरने त्याला गिऱ्हाईक समजून पाण्याचा ग्लास आणून दिला. तो त्याने प्यायला आणि रस्ता ओलांडून परत गेला.

समुद्रपूर

नोंदणीच्या दिवशी समुद्रपूरच्या कार्यालयात सर्व्हर बंद होता. सगळ्या देशात मला ही एक गोष्ट सारखी दिसली आहे. बाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला, मग पुन्हा घेतला. कापसाने भरलेल्या गाड्या रस्त्याने चालल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकले होते. कौसल्याबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. त्यांचे यजमान येऊ शकत नव्हते. त्यांनी शोभासाठी बोरं पाठवली होती.

दुपार झाल्यावर आतून हाक आली. बक्षीसपत्र केलं होतं. सुधाकररावांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून एक गावचे गृहस्थ आले होते. दुसरा साक्षीदार म्हणून ठरलेला शेजारी आलाच नाही. मी पुढे झाले, पण शोभा म्हणाली, "थांब. मी करते." कारकुनाने विचारलं, पत्नी ना तुम्ही? मग हरकत नाही ना काही? शोभा म्हणाली, "हरकत असती तर सही केली असती का?" आणि तिने मुख्याध्यापिकेची गोलसर, पूर्ण नावाची सही केली.

नंतर आम्ही शेतावर गेलो. बटईवाल्याची तूर कापणीला आली होती. नाल्यात थोडं पाणी होतं. कौसल्याबाई चप्पल काढून आत गेल्या, नाल्यापासून धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, हद्दीच्या दगडापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. त्यांच्या पायांना काळी माती चिकटली होती. ती त्यांनी झटकली नाही. गाडीत बसताना सुधाकररावांनी वर्तमानपत्र अंथरलं, तर शोभा म्हणाली, "राहू द्या हो, धुता येते गाडी." मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याला निघाले.

सगळं नीट झालं असं सांगता येणार नाही. देवानंदच्या बरडाचा भाव वाढतोच आहे, लॉनच्या सगळ्या तारखा भरल्या आहेत, आणि ढाब्यात त्याने बहिणीला काही दिलेलं नाही. कौसल्याबाई अजून शेठकडे कॅमेऱ्याखाली उभ्या राहून भाकरी करतात. शोभाच्या मुलाने महिनाभर फोनवर तुटक उत्तरं दिली. हे सगळं मला शोभा कळवते.

मात्र उन्हाळ्याच्या शेवटी एकदा कौसल्याबाईंनी स्वतः फोन केला. पहिल्यांदाच. शेतातून बोलत होत्या, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"ताई, नांगरनी झाली. देवाचा ट्रॅक्टर आहे."

"देवानंदने पाठवला?" मला आश्चर्य वाटलं.

"पाठोला नाई, मी भाड्यानं सांगतला. साऱ्या गावाले देते तसाच. तो सोताच घेऊन आला चालवत, डायवर असून."

"आणि भाडं घेतलं?"

"घेतलं नं. पह्यले नाई म्हने. म्हटलं, देवा, फुकट नांगरशील तं उद्या म्हनशील, घरचीच आहे. घे. मंग घेतलं."

ट्रॅक्टर बंद झाल्याचं मला फोनवर ऐकू आलं. कौसल्याबाईंनी तोंडावर हात धरला असावा, कारण आवाज खाली आला.

"मंग मी त्याले म्हटलं, आता पैशाचं झालं, जेवून जा. आता चून-भाकर खायले धुऱ्यावर येऊन बसला. ठेवते ताई, त्याले भाकर वाढा लागते."